नुसतं मोजायचं गाव

गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, त्यामुळे गावोगावी आम्ही 'कंपनीवाले'च ठरलो. कुणी येऊन सोयाबीनचं बियाणं विचारायचं, कुणी फवारणीचं औषध. चुडाव्याजवळच्या एका गावात, अगदी पहिल्या दिवशी, मी एका अंगणात उभी राहून "प्रेशर तपासायला आलोत" असं मोठ्यानं म्हटलं, तर आतून एक बाई कुकरच घेऊन बाहेर आली.

"शिट्टीच होईना बगा," ती म्हणाली. "समदी वाफ झाकणातून जायलीय."

आमचे ड्रायव्हर रहीमभाई खाली उतरले, त्यांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि रबर बदला म्हणून सांगितलं. मग मी त्या बाईला ओसरीवर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. तिचा स्वतःचा दाबही चांगलाच वाढलेला निघाला. पारूबाई तिचं नाव. पुढं हीच बाई आमच्या कामाला खांदा लावणार आहे, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

ते काम सुटून आता काही वर्षं झाली. मी परभणीतच असते. घराच्या गॅलरीतून रस्ता दिसतो. सकाळी एखादी पांढरी गाडी दारासमोर हळू झाली, की अजून माझा हात चपलेकडे जातो. गाडी पुढं निघून जाते. मग मी चहा करायला आत येते.

लोक विचारतात, तुम्ही नेमकं काय करायचात? सरकारी नर्स होतात का? नाही. बरीच वर्षं मी परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. पण ज्या कामाची आठवण निघते ते वेगळं. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो, तसा कायदाच आहे. कुणी शाळेला बाकं देतं, कुणी झाडं लावतं. पुण्याची एक कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवायची. तिच्या मालकांच्या घरात कुणाला तरी ऐन उमेदीत लकवा मारला होता म्हणे. त्यांनी ठरवलं, खेड्यातल्या रक्तदाबावर संशोधन व्हावं आणि त्याबरोबर लोकांचं काही भलंही व्हावं. ते काम परभणीच्या डॉक्टर सबनीस मॅडमकडे आलं, आणि मॅडमनी मला बोलावलं. पुढच्या वर्षांत गावांतलं सगळं काम मी पाहायचे. कागदावर माझं पद लांबलचक इंग्रजी होतं. गावात मी 'शिस्टर'.

रक्तदाब गोळीनं आटोक्यात राहतो हे नव्यानं शोधायचं नव्हतं. लोकांच्या गोळ्या मध्येच का सुटतात, आणि सुटू नयेत म्हणून गावातच काही करता येतं का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी निम्म्या गावांत आम्ही 'आरोग्य खोली' काढली. तिथं गावातल्याच दोन-तीन बायका तयार केल्या. त्या मोजायच्या, घरोघर जाऊन गोळी घेतली का विचारायच्या, जेवणातल्या मिठावर बोलायच्या. उरलेल्या निम्म्या गावांत आम्ही दर काही महिन्यांनी जाऊन नुसतं मोजायचं. दाब वाढलेला असेल तर समजावून सरकारी आरोग्य केंद्रात पाठवायचं, फारच असेल तर गाडीत घालून थेट परभणीला न्यायचं. पण नंतर दारात जाऊन 'गोळी चालू आहे ना?' असं विचारायचं नाही. विचारलं तर खोलीमुळे फरक पडला की आमच्या विचारण्यामुळे, हे कळणार कसं? अभ्यास संपला की या गावांनाही खोली मिळणार, असं आधीच ठरलेलं होतं.

पारूबाईचं गाव खोलीचं गाव झालं. मॅडमनी तिला यंत्र हाताळायला शिकवलं, आणि ती आठवड्याभरात अशी सराईत झाली की बांधावरून जाणाऱ्या माणसालाही हाक मारून बसवायची. मिठाचं मात्र तिला पटेना. तिच्या घरी भाकरीबरोबर रोज भुरका, म्हणजे लसूण-तिखटाची झणझणीत चटणी.

"भुरक्यात मीठ कमी घाला म्हणल्यावर सासू मला घराबाहीर काढील, शिस्टर," ती म्हणाली.

"सासूला कळू न देता घाला."

"जिभेला कळतंय की!"

शेवटी तिनंच तोड काढली. लसूण वाढवला, कच्च्या कैरीचा कीस घातला आणि मीठ हळूहळू उतरवत नेलं. सासूनं महिनाभरानं विचारलं, हल्ली भुरका चांगला व्हायलाय, काय घालायलीस? हे सांगताना पारूबाई हसून हसून खोकली.

एकदा कंपनीकडून चित्रीकरण करायला माणसं आली. सोबत टोप्यांचा गठ्ठा होता. बायांनी टोप्या घालून सकाळी रांगेत चालायचं आणि ते कॅमेऱ्यात घ्यायचं, अशी कल्पना. पारूबाई टोपी हातात फिरवत म्हणाली, "मी रोज रानात जाऊन येते, पाण्याला जाऊन येते. आता आणिक कुटं चालू?" पण चालली. कंपनीचे नाईक म्हणून तरुण अधिकारी आले होते. त्यांना मनातून लाज वाटत होती, ते तोंडावर दिसत होतं. जाताना ते मला हळूच म्हणाले, "वर काहीतरी दाखवावं लागतं, सिस्टर. दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी बंद." भला माणूस होता. त्यांच्याविषयी मला कधी राग आला नाही, तेव्हाही आणि नंतरही.

मला सांगायचं आहे ते दुसऱ्या गावाचं. मानवतच्या पुढं, फाट्यावरून आत. नाव मुद्दाम लिहीत नाही. ते नुसतं मोजायचं गाव होतं.

तिथं शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढराशुभ्र सदरा. सकाळची पूजा झाल्याशिवाय ते गिऱ्हाईकाला काडेपेटीसुद्धा देत नसत. गावातली निम्मी भांडणं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मिटायची. दुसऱ्या फेरीला आम्ही गेलो, तर अप्पा पायरीवर उभेच होते.

"शरणार्थ," ते हात जोडून म्हणाले, आणि लगेच, "बसा. जरा इचारायचंय. चुडाव्याकडं तुमी खोली काढली म्हणं. बाया दारोदार जायलेत म्हणं. अन् हितं नुसता पट्टा बांधायचा, सोडायचा, अन् जायचं. आमचे दंड काय फुकटचे हायत का?"

त्यांना हे कसं कळलं, ते मी विचारलं नाही. मानवतच्या बाजारात सगळं कळतं. मी मॅडमना फोन केला. मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. दुकानात खुर्ची एकच होती, ती त्यांनी घेतली नाही. तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि अप्पांना सगळं सांगितलं. तुलना का लागते, दोन्हीकडं एकदम दिलं तर काय कळणार नाही, जे कळेल त्याचा उपयोग कुठं होईल. एकही इंग्रजी शब्द वापरला नाही.

अप्पांनी मधे एकदाच गिऱ्हाईकाला साखर मोजून दिली. मग म्हणाले, "म्हंजे आमाला कायच दिलं न्हाई तर काय होतंय, त्याची साक्ष आमी द्यायची."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तसंच आहे."

"अन् मंग?"

"मग तुमच्या गावात खोली येणार. माझा शब्द आहे."

अप्पांनी आत तोंड करून हाक दिली, "महादेवी, च्या टाक. पाव्हणे बसणार हायत."

महादेवीअक्का अशा माझ्या आयुष्यात आल्या. एका फेरीला ते गाव आठवडाभर चालायचं, आणि आठवडाभर माझं दुपारचं जेवण त्यांच्या चुलीपुढं व्हायचं. मी डबा आणायचे, पण तो त्या उघडू द्यायच्या नाहीत. "कालच्या पोळ्या तुज्या रहीमभाईला दे," म्हणायच्या, आणि रहीमभाईंनाही गरम भाकरी वाढायच्या. बोलायच्या मात्र अशा, की घास घ्यायला सवड मिळू नये. गावातल्या प्रत्येक सुनेचं माहेर, प्रत्येक म्हशीचा स्वभाव, जावयाच्या मोटारसायकलचा आवाज, सगळं त्यांच्या बोलण्यात यायचं. नकला करायच्या. अप्पा गिऱ्हाईकाशी कसे बोलतात आणि घरात कसे बोलतात, हे दोन्ही त्या एका दमात करून दाखवायच्या, आणि अप्पा बाहेरून खाकरायचे.

माझी आई जिंतूरला वारली तेव्हा मी दवाखान्यात रात्रपाळीला होते. माहेर म्हणावं असं त्यानंतर काही उरलं नव्हतं. अक्कांनी एक दिवस जेवताना विचारलं, "तुजं माहेर कुटं?" मी सांगितलं. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ओंजळभर भाजलेली हुरड्याची कणसं घातली. पुढच्या प्रत्येक फेरीला घातली. कणसं नसतील तेव्हा नुसती ज्वारी.

ओळख नीट व्हायच्या आधीच, पहिल्या फेरीत, अक्कांचा दाब वाढलेला निघाला होता. मी त्यांना समजावलं, केंद्रात पाठवलं, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या फेरीला दाब उतरला होता. अक्का खूष. "बरं वाटायलंय की," म्हणाल्या. मी म्हटलं, बरं वाटतंय तरी थांबवायची नाही. तेवढं सांगायची परवानगी मला होती.

मग कापसाचा हंगाम आला. दुकानात गर्दी. केंद्राला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. गोळ्या संपल्या, आणि डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, सगळं ठीक होतं. त्या गेल्या नाहीत. दाबाचं दुखणं असंच असतं. आतून वाढत जातं, आणि बाहेर माणूस भाकरी थापत असतो.

त्या फेरीच्या पहिल्या सकाळी मी त्यांच्या ओसरीवर सामान मांडत होते. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला हाक मारायला तोंड उघडलं, पण भलतंच काही आलं. आधी मला वाटलं नक्कल करतायत, मी हसले. मग तांब्या त्यांच्या हातातून सुटला. उजवीकडचा ओठ खाली आला होता.

मी त्यांना धरून खाली बसवलं, पट्टा बांधला. पडद्यावरचा आकडा फारच वर होता. "रहीमभाई!" एवढंच ओरडले. त्यांनी गाडी दाराशी लावली होती. अप्पा गल्ल्यावरून तसेच अनवाणी धावत आले.

मानवत ते परभणी हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर. त्या काही सांगू पाहत होत्या आणि नुसते घोगरे आवाज निघत होते. अप्पा पुढच्या सीटवर मागं वळून बसले होते आणि एकच म्हणत होते, "बोल ना गं. बोल ना." रहीमभाई एरवी सावकाश चालवणारा माणूस. त्या दिवशी ते ओठातल्या ओठात काही पुटपुटत होते आणि ट्रकामागून ट्रक मागं टाकत होते.

अक्का वाचल्या. वेळेत पोहोचलो म्हणून वाचल्या असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात पुढं बऱ्यापैकी सुधारला, त्या काठी घेऊन चालायलाही लागल्या. वाचा मात्र परत आली नाही तशी. समजायचं सगळं. शब्द यायचा नाही. एक शब्द शोधायला त्यांना इतका वेळ लागायचा, की समोरचा माणूस कंटाळून आपणच बोलून टाकायचा.

दवाखान्याच्या बाहेर, चहाच्या टपरीजवळ, मी आणि सबनीस मॅडम कितीतरी वेळ उभ्या होतो. नियम बरोबर होता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. त्याच अभ्यासातून निघालेल्या गोष्टी आता इतर जिल्ह्यांत वापरतात, असं ऐकते. पण पारूबाईच्या गावात ही बाई असती तर हंगामात कुणीतरी तिच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं, हा विचार आम्हां दोघींच्याही मनात होता, आणि दोघीही तो बोललो नाही.

गावानं तो बोलून दाखवला. आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा महादेवाच्या देवळासमोर माणसं जमली होती. एक तरुण पोरगा मॅडमच्या अंगावरच आला. "अक्काला तुमी मुद्दाम पडू दिलं. कागदावर दाखवायला एक माणूस पायजेच होता तुमाला!"

अप्पा पारावरून उठले. "गप," ते म्हणाले. "बायको माजी हाय. पयलं मी इचारणार." मग मॅडमकडं वळले. "खरं सांगा. त्या खोलीच्या गावात असती, तर हे झालं असतं का?"

मॅडम नुसतं 'काही सांगता येत नाही' म्हणू शकल्या असत्या. ते खोटं ठरलं नसतं.

"बहुतेक नसतं झालं," त्या म्हणाल्या. "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण बहुतेक नसतं झालं."

अप्पा पारावर परत टेकले.

"आता आमची पाळी कवा?" त्यांनी विचारलं.

"आतापासूनच. तुलना इथं संपली," मॅडम म्हणाल्या.

हे त्यांनी कुणाला विचारून म्हटलं नव्हतं. गाडीत, मानवत मागं पडल्यावर, त्या म्हणाल्या, "सुमन, आता पुण्याला कळवायला हवं."

कळवलं. मॅडम आणि मी पुण्याला गेलोही. काचेच्या इमारतीत आम्हाला गार पाणी आणि बिस्किटं दिली, सगळे आदरानं बोलले. आकडे बघून साहेबलोक खरोखर खूष झाले. खोल्यांच्या गावांत फरक स्पष्ट दिसत होता. आणि तोच घात झाला. इतका स्पष्ट फरक दिसतोय तर संशोधनाचं काम पूर्ण झालं, असं वर ठरलं. कंपनीचा नवा कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात उभा राहत होता, पुढच्या वर्षापासून सगळं तिकडच्या शाळांसाठी. नाईकसाहेब आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आले. त्यांनी खूप प्रयत्न केला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "यंत्रं तुमच्याकडंच ठेवा," म्हणाले. "परत मागणार नाही, एवढं मी बघतो." आणि त्यांनी ते पाळलं.

परभणीत सभागृह घेऊन सांगता समारंभ झाला. पुष्पगुच्छ, पडदा, पडद्यावर टोपी घातलेली पारूबाई. पारूबाई पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती, स्वतःला एवढं मोठं बघून तिला घाम फुटला होता. समारंभानंतर रहीमभाई खोल्यांच्या गावातल्या बायांना सोडायला निघाले, मीही सोबत गेले. कंपनीच्या गाडीची ती शेवटचीच फेरी. पूर्णेच्या पुढं गेल्यावर पारूबाईनं विचारलं, "मंग त्या अक्काच्या गावाचं काय?"

तिला अक्कांचं सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं.

"खोली न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "आमी जाऊन शिकवून येताव की. रेल्वे हाय, काय लांब हाय?"

मी थट्टा समजले. पण ती थट्टा नव्हती.

मॅडमनी आधी अप्पांना भेटून शब्द मोडल्याचं सांगितलं. त्या दिवशी मी सोबत नव्हते. परत आल्यावर मॅडमनी एवढंच सांगितलं, की अप्पा रागावले नाहीत, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं. पारूबाईचा निरोपही त्यांनी दिला होता. अप्पांनी विचारलं म्हणे, "त्यांना बसायला किती जागा लागंल?"

ठरलेल्या दिवशी मी मानवत रोड स्टेशनवर उभी होते. पॅसेंजर आली. पारूबाई आणि तिच्या गावच्या आणखी दोघी उतरल्या. ठेवणीतली लुगडी, हातात यंत्राची पिशवी, आणि एका स्टीलच्या डब्यात तो कमी मिठाचा भुरका. तिघीही या बाजूला पहिल्यांदाच येत होत्या. बावरल्या होत्या, आणि बावरल्याचं दिसू नये म्हणून मोठमोठ्यानं बोलत होत्या. स्टेशनबाहेर रहीमभाई एक भाड्याची रिक्षा घेऊन उभे. नोकरी तर त्यांचीही गेली होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "रस्ता मला माहीत आहे, दुसऱ्याला कशाला सांगायचा?"

अप्पांनी दुकानाचा पुढचा अर्धा भाग रिकामा केला होता. पोती मागं रचलेली, सतरंजी अंथरलेली, भिंतीला नवा चुना. गावातल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. आशाताई, म्हणजे गावची सरकारी आरोग्य कार्यकर्ती, पुढंच बसली होती, आणि केंद्राच्या डॉक्टरांनी गोळ्या तिच्याकडं द्यायचं कबूल केलं होतं. भिंतीला टेकून, काठी जवळ ठेवून, महादेवीअक्का.

पारूबाई उभी राहिली. पाठ करून आलेलं सगळं विसरली. मग खालीच बसली आणि घरातल्यासारखी बोलायला लागली. आपला दाब कसा कळला, कुकरची गोष्ट, सासूची गोष्ट. बाया हसायला लागल्या. शेवटी तिनं डबा उघडला, बोटावर भुरका घेऊन अक्कांच्या पुढं धरला. "चाखा अक्का. मीठ बराबर हाय का?"

अक्कांनी चाखला. डोळे मिटले. तोंड हलायला लागलं, शब्द सापडेना. आमच्यातली कुणीतरी 'हो म्हणतायत' असं म्हणणार, तेवढ्यात पारूबाईनं हातानं थांबवलं. ती नुसती बघत बसली, कसलीच घाई नसल्यासारखी. सगळं दुकान थांबलं.

"अळणी," अक्का म्हणाल्या.

एवढ्या जोरात हसू फुटलं, की बाहेर रस्त्यावरची माणसं डोकावली. अक्काही हसत होत्या, अर्ध्या ओठानं. गल्ल्यामागं अप्पा पाठ फिरवून उभे राहिले आणि उगाच बरण्या पुसायला लागले.

पारूबाई आणि तिच्या सोबतिणी बराच काळ येत राहिल्या, गावच्या बाया तयार होईपर्यंत. पोळ्याला, संक्रांतीला सुद्धा या गावचं वाण त्या गावात जायला लागलं. मीही जायचे. मॅडम जोवर परभणीत होत्या तोवर त्याही यायच्या. आमच्या मागं कुणी कंपनी नव्हती, कुणाला फोटो पाठवायचे नव्हते. ते दिवस मला जितके आठवतात, तितकं माझं लग्नही आठवत नाही.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. मॅडम मुलीकडं नागपूरला गेल्या, अधूनमधून फोन करतात. पारूबाईचे गुडघे गेले, तिची सून खोली सांभाळते. रहीमभाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. अप्पा एका सकाळी पूजेला बसले ते उठले नाहीत. दुकानाला कुलूप लागलं. गावच्या बाया आता आशाताईच्या पडवीत जमतात, कधी जमतात, कधी नाही, पण मोजणं बंद पडलेलं नाही.

मला आठवतं ते दुपारचं गाव. यंत्रं नव्या पद्धतीची होती, नुसता आकडा दाखवणारी, पण शंका आली की मी स्टेथोस्कोपची जुनी नळी कानाला लावायचे. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत गेलं की आधी काहीच ऐकू येत नाही, आणि मग एकाएकी ठोका सुरू होतो. समोर बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नसतो. तो मुलीच्या लग्नाचं बोलत असतो, आणि त्याचं काळीज माझ्या कानात वाजत असतं. कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय जायचं, तिथं बसायचं, दंड हातात घ्यायचा. आज मी त्या गावात कुठल्या कारणानं जाऊ? लोक 'या' म्हणतील, चहा करतील, पण पाहुणी म्हणून करतील.

अप्पांच्या मागं अक्कांना त्यांच्या मुलानं पुण्याला नेलं. यंदा उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेले, तेव्हा पत्ता शोधून त्यांच्याकडं गेले. उंच इमारत, लिफ्ट, चकचकीत फरशी. सून चांगली आहे. रोज वेळेवर गोळी देते, रोज मोजते, मोबाईलमध्ये लिहून ठेवते. दाब इतका छान आटोक्यात, की मी दवाखान्यात असते तर इतरांना उदाहरण म्हणून सांगितलं असतं. अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले.

दुपारभर मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या. कोणाला नातू झाला, कोणाची म्हैस विकली, देवळाला नवा रंग दिला. मधे मधे त्या एखादा शब्द काढायच्या, नाव असायचं कुणाचं तरी, आणि मी त्या माणसाचं सगळं सांगायचे. असलेलं सांगायचे, थोडं नसलेलंही. पूर्वी त्या बोलायच्या आणि मी जेवायचे. आता सुनेनं केलेली पोळीभाजी त्या जेवत होत्या आणि बोलणं माझ्याकडं आलं होतं.

ऊन उतरलं. लग्नाघरी वाट बघत असतील म्हणून मी पर्स उचलली. अक्कांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. ओठ हलायला लागले.

"पाणी हवंय का आई?" सून म्हणाली. "चहा टाकू? उशी देऊ?"

अक्का मान हलवत राहिल्या. मी सुनेला म्हटलं, थांब जरा. खाली मुलं खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता. कपाळावर आठ्या घालून अक्का तो शब्द धुंडाळत राहिल्या, पदर सोडला नाही.

"ने," त्या म्हणाल्या.

सून माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, मी तरी काही सांगेन. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ परत बसले.